तूट

तुळजापूर नाक्याच्या पुढं, डाव्या हाताला आमची वखार.
पाटी केव्हाच पडली,
बाभळीच्या वासावर लोक वळतात.

मी हिशेब लिहितो. लाकूड मौलासाब रचतो.
बाकीचे दोघं थप्पी मारतात.
यात फरक आहे हे कळायला
मला सहा उन्हाळे लागले.

सिद्राम लांबच लांब ओळ लावतो,
कुंपणाला पाठ टेकवून, साल वर, पोट खाली.
दिसायला देखणी, मोजायला सोपी.
पण मागच्या अंगाला ऊन पोचत नाही
आणि भाद्रपदात तिथून वाळवी
मातीची नळी चढवत नेते, कुणाला न सांगता.

अंबादास रचत नाहीच. टेम्पोतून ओततो.
म्हणतो, सोलापूरचं ऊन आहे मालक,
चव्वेचाळीस डिग्रीत दगड वाळतो,
लाकडाचं काय घेऊन बसलाय.
वरवरचं त्याचं खरंही असतं.
फक्त ढिगाच्या पोटात हात घालून बघा:
ऐन मे महिन्यात तळहाताला गार लागतं,
माठाचं बूड लागावं तसं.

आणि मौलासाबची चौकट.
खाली शहाबादी फरशीचे तुकडे,
दोन आडवे, दोन उभे, परत दोन आडवे,
मधे विहिरीएवढी पोकळी.
तेवढ्याच जागेत सिद्राम दुप्पट बसवतो.
तात्या ओरडायचे, अर्धी वखार वाऱ्याला भाड्यानं दिलीस की रे!
तो मान वर न करता म्हणायचा,
वाऱ्याला बी रस्ता होना की, तात्या.
करंगळी जावी, अंगठा अडावा,
एवढीच फट ठेवतो मी.

आता धंद्याचं सांगतो.
आम्ही वजनावर विकतो.
ओलं शंभर किलो चौकटीत चार महिने राहिलं
की काट्यावर सत्तर भरतं.
तीस किलो पाणी जातं कुठं?
वहीत त्याला रकाना आहे: तूट.
दुखऱ्या दाढेकडं जीभ जावी
तसे तात्या रोज संध्याकाळी त्या रकान्याकडं जायचे.
म्हणून मग बॉयलरवाल्यांना अंबादासचा ढीग,
हॉटेलवाल्यांना सिद्रामची ओळ, वर दोन फाटे फुकट,
आणि चौकट शेळगीच्या मल्लव्वाला,
कारण ती दुसरं घेतच नाही.

कडक भाकरीला धूर चालत नाही.
मल्लव्वा काट्याकडं बघत नाही.
दोन फाटे उचलते, एकमेकांवर आपटते, कान देते.
ढब् वाजलं की खाली टाकते:
"हे अजून झाडातच हाय."
टण् वाजलं की पदराची गाठ सोडते.

सरणाला ओलं द्यायचं नाही,
हा मात्र तात्यांचा नियम होता.
बाकी सगळ्यात त्यांनी थोडं थोडं पाणी विकलं.

तात्या गेले ते श्रावणात. तीन दिवस झड.
ढीग काळा पडलेला, ओळीवर आळंबी उगवलेली.
मौलासाबनं कुणाला विचारलं नाही.
ताडपत्री काढली, कोपऱ्यातली चौकट उतरवली,
वरून खाली, रचली त्याच्या उलट.
टेम्पो काट्यावर चढला नाही, सरळ नाक्याकडं वळला.
इतक्या वर्षांत न मोजता गेलेलं
ते एवढंच लाकूड.
रात्री वही उघडली.
तारीख घातली, नाव घातलं.
वजनाचा रकाना मोकळा ठेवला.
तुटीचाही.

दसऱ्यानंतर मल्लव्वा आली,
रिकाम्या फरशीकडं बघून म्हणाली, आता मी काय जाळू?
मौलासाबचे गुडघे तोवर गेले होते.
तो बाजल्यावर बसून राहिला,
म्हणून मीच शर्टाच्या बाह्या वर केल्या.
दोन आडवे, दोन उभे.
हातात बाभळीचं कुसळ घुसलं, तसंच राहू दिलं.
चौथ्या थराला तो काठी टेकत आला,
फटीत बोट घालून बघितलं.

"अंगठा जातोय, मालक."

मी वरचा थर काढायला घेतला.